केबिनचा नंबर आधी, भाडं नंतर

पहिल्या क्रूझच्या चौथ्या रात्री, पहाटे पावणेपाचला, मी टक्क जागी होऊन छताकडे बघत पडले होते. वर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. खर्रर्र, मग जरा शांत, मग पुन्हा खर्रर्र. जहाजाचा सगळा सांगाडा पोलादी, त्यामुळे तो आवाज थेट कवटीत उतरायचा. आमच्या बरोबर डोक्यावर स्विमिंग पूलचा डेक होता. उजाडायच्या आत तिथली माणसं आरामखुर्च्या बाजूला सारायची, डेक धुवायची आणि पुन्हा ओळीने मांडायची. ती बिचारी आपलं काम करत होती. मला आणि नवऱ्याला मात्र सात रात्रींत एकदाही सलग सहा तास झोप मिळाली नाही.

ती केबिन आम्ही निवडलीच नव्हती. त्या वेळी आम्ही सगळ्यांत कमी भाडं कुठलं तेवढं बघितलं आणि ‘गॅरंटी’ केबिन घेतली. म्हणजे आपण फक्त प्रकार ठरवायचा, आतली, खिडकीची की बाल्कनीची, आणि नंबर कंपनी नंतर कळवते. निवडलेल्या प्रकारापेक्षा खालचं काही मिळणार नाही, एवढीच काय ती हमी. नशीब असेल तर वरचा वर्गही पदरात पडतो, आणि भाडं थोडं कमी असतंच. पण जाणकारांनी नकाशा बघून ज्या केबिनला आधीच नकार दिलेला असतो, त्या शेवटपर्यंत उरतात. उरलेल्या केबिन मग कुणाला तरी द्याव्याच लागतात. त्या वेळी त्या आम्हाला मिळाल्या.

तीन वर्षांनी आई-बाबांना घेऊन जायचं ठरलं, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की आधी केबिनचा नंबर बघायचा, भाडं मग. आईचे गुडघे दुखतात, ती काठी घेऊन चालते. बाबांची अपेक्षा एकच होती. “अंथरुणातून डोळे उघडले की समोर समुद्र दिसला पाहिजे. बाकी तुला हवं ते कर.” आम्ही चौघं, आणि खर्च आमच्या आवाक्यातला. दोन महिने रोज संध्याकाळी मी आणि बाबा वही घेऊन बसायचो.

सुरुवात जहाजापासून केली. जाहिरातीत आकडे मोठे असतात, पण मोठं जहाज म्हणजे ऐसपैस जहाज असं काही नसतं. जहाजाचा आकार ग्रॉस टनेजमध्ये सांगतात आणि त्यातल्या ‘टन’ शब्दामुळे ते वजन वाटतं. खरं तर ते जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. या आकड्याला दोन माणसं एका केबिनमध्ये धरून होणाऱ्या प्रवासीसंख्येने भागायचं, की माणशी किती जागा वाट्याला येते त्याचा अंदाज मिळतो. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चं टनेज २,४८,६६३ आणि प्रवासी ५,६१०, म्हणजे भागाकार ४४ च्या आसपास. ‘क्वीन मेरी २’ त्याच्यापेक्षा कितीतरी लहान, १,४९,२१५, पण प्रवासी २,६९१, भागाकार ५५. आणि २०१५ सालचं ‘व्हायकिंग स्टार’ तर अवघं ४७,८०० टनेजचं, ९३० प्रवाशांचं, तरी भागाकार ५१. आमच्या यादीतल्या जहाजांचे आकडे तिशीपासून पंचेचाळिशीपर्यंत निघाले. तिशीतल्या जहाजावर जेवायच्या वेळी आणि लिफ्टपाशी गर्दी जाणवणारच, म्हणून तिथे आम्ही काट मारली.

या भागाकाराला एक पुस्ती जोडावी लागते. शाळांच्या सुट्ट्यांत एकेका केबिनमध्ये तिघं-चौघं असतात. ‘आयकॉन’वर सगळे बिछाने भरले तर प्रवासी साडेसात हजारांच्या वर जातात. तेच जहाज, तीच केबिन, पण सुट्टीच्या आठवड्यात अनुभव वेगळा आणि भाडंही चढं. भूमध्य समुद्रात जुलै-ऑगस्ट हा सगळ्यांत महाग आणि उकाड्याचा काळ. आम्ही ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरला. पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं, त्यामुळे हवा अजून उबदार असते, आणि शाळा सुरू झालेल्या असतात. कॅरिबियनमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरला भाडी उतरतात खरी, पण १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा हंगाम. जहाज वादळाला वळसा घालून जातं, म्हणून जिवाला भीती नसते, पण ठरलेली बंदरं बदलू शकतात. ज्याला बंदरांपेक्षा समुद्र प्यारा त्याने ती स्वस्ताई जरूर घ्यावी. आईला मात्र ठरलेलं बदललेलं सोसत नाही.

मग नव्या-जुन्याचा प्रश्न. नव्याकोऱ्या जहाजाचं भाडं पहिली दोन-तीन वर्षं चढंच राहतं. पण जहाजं बहुधा एकटी जन्माला येत नाहीत. एकाच आराखड्यावर तीन-चार भावंडं बांधली जातात. ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’ १९९९ चं, आणि त्याच आराखड्याची शेवटची बहीण ‘मरिनर’ २००३ ची. ‘ओअ‍ॅसिस’ २००९ चं, तर त्याच कुळातलं ‘युटोपिया’ २०२४ चं. थोरल्या भावंडावर बऱ्याचदा तोच मांडव थोड्या जुन्या गालिच्यांसह मिळतो. त्यामुळे मी बांधणीच्या वर्षापेक्षा शेवटची मोठी डागडुजी कधी झाली हे शोधायची सवय लावून घेतली. गाद्या, न्हाणीघरं आणि पलंगाशेजारचे प्लग पॉइंट बदलले गेले असतील तर पंधरा-वीस वर्षांचं जहाजही अगदी नीट असतं.

एका संध्याकाळी बाबांनी वहीत दोन रकाने आखले. एकीकडे जहाजावर काय काय आहे, दुसरीकडे त्यातलं आपण काय वापरणार. पाण्याच्या घसरगुंड्या, चढाईची भिंत, बर्फावरचं स्केटिंग, गो-कार्ट असं डावीकडे भरत गेलं. उजवीकडे फक्त चार ओळी आल्या. डेकवर सावलीत बसायला जागा, रात्रीचं गाणं-बजावणं, वाचायला शांत कोपरा, आणि जहाजाभोवती फेरी मारता येईल असा खालचा मोकळा डेक. रकाने बघितल्यावर बाबा म्हणाले, “मग बाकीच्याचे पैसे आपण का भरायचे?” त्या एका प्रश्नाने यादीतली तीन चकचकीत जहाजं गेली. लहान मुलं बरोबर असती तर हाच हिशेब उलटा झाला असता, आणि तेही बरोबरच ठरलं असतं.

बंदरांच्या बाबतीत मात्र मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला, आणि त्यातला एकही मिनिट वाया गेला असं मला वाटत नाही. माहितीपत्रकात लिहिलेलं गाव आणि जहाज लागतं ते गाव यांत पुष्कळदा मोठं अंतर असतं. ‘रोम’ म्हणजे चिवितावेक्किया, रोमपासून ७० किलोमीटरवर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, तिथून फ्लॉरेन्स ९० किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र आणि ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडं, आणि त्या दोन्ही ठिकाणांहून खरं शहर पाऊण-एक तासाच्या अंतरावर नसून जवळपास २०० किलोमीटर किंवा त्याहून लांब. व्हेनिसचं तर वेगळंच आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनेजपेक्षा मोठ्या जहाजांना जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे सान मार्को चौकाच्या समोरून जहाज जातानाचे जुने फोटो बघून कुणी केबिनची बाजू निवडत असेल तर त्याने थांबावं. मोठी जहाजं आता मार्गेरा, त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाकडे लागतात.

म्हणून मी प्रत्येक मार्गासाठी एकच आकडा काढला, शहरात प्रत्यक्ष किती तास मिळणार. जहाज सकाळी आठला लागून संध्याकाळी सहाला सुटणार असेल तर ते दहा तास नसतात. उतरायला वेळ लागतो, सुटण्याआधी किमान अर्धा तास परत यावं लागतं, आणि जाण्यायेण्याचे तास वेगळे. एका स्वस्त मार्गावर सात दिवसांत पाच बंदरं होती, पण त्यातल्या दोन ठिकाणी शहरात जेमतेम साडेचार तास पडत होते. दुसऱ्या, थोड्या महाग मार्गावर चारच बंदरं होती, पण नेपल्स आणि माल्टाची राजधानी व्हॅलेटा अशी, की धक्क्यावर पाय ठेवला की समोर शहर. नेपल्सला जहाज गावाच्या मध्यावरच लागतं. व्हॅलेटाला तटबंदीखालून वर गावात जायला ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे. आईसाठी याहून चांगलं काय असणार?

आईमुळेच आणखी एक गोष्ट तपासली. काही बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात नांगर टाकतं आणि लहान बोटींतून माणसं किनाऱ्यावर नेतात. याला टेंडर म्हणतात. ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर असंच होतं, आणि तिथे बोटीतून उतरल्यावर वर गावात जायला केबल कार, नाहीतर पाचशेहून जास्त पायऱ्या. डोलत्या बोटीत पाय टाकायचा तो क्षण गुडघेदुखीच्या माणसाला कठीण जातो, आणि वारा जोराचा असेल तर ते बंदर रद्दही होतं. सांतोरिनीचं नाव यादीतून खोडताना माझा हात थबकला होता, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवशी आई एकटी जहाजावर बसून राहिली असती.

एवढं झाल्यावर भाड्याकडे वळलो. जाहिरातीतलं भाडं माणशी असतं आणि एका केबिनमध्ये दोघं आहेत असं धरलेलं असतं. एकटा जाणारा बहुतेक वेळा जवळजवळ दोघांचे पैसे भरतो. ‘नॉर्वेजियन एपिक’ने २०१० मध्ये एकट्या प्रवाशांसाठी खास लहान केबिन काढल्या, तेव्हापासून काही जहाजांवर ती सोय आली आहे, पण त्या केबिन थोड्या असतात आणि लवकर संपतात. आम्ही चौघांनी एकाच केबिनमध्ये राहायचा विचारही करून बघितला, कारण तिसऱ्या-चौथ्या माणसाला भाडं बरंच कमी असतं. पण ते दोन बिछाने रात्री छतातून खाली येतात आणि शिडीने चढावं लागतं. चौघांना एक न्हाणीघर. आई-बाबांच्या वयात हे नको.

बाबांनी वहीत प्रत्येक जहाजाला एक पान दिलं आणि भाड्याखाली एकेक ओळ वाढवत गेले. बंदराचे कर. रोजची माणशी टिप, जी बऱ्याच जहाजांवर आपोआप खात्यावर चढते. पिण्याचं काय काय मोफत आणि काय विकत. इंटरनेट. बंदरातून शहरात जायची बस किंवा रेल्वे. एक रात्र आधी पोहोचून हॉटेलात राहण्याचा खर्च. ही शेवटची ओळ मी वाढवायला लावली, कारण विमानाला उशीर झाला म्हणून जहाज कुणासाठी थांबत नाही. बेरीज केल्यावर भाड्यात तिसऱ्या क्रमांकावर असलेलं जहाज पहिलं आलं, आणि सगळ्यांत स्वस्त दिसणारं चौथ्यावर गेलं. बाबांनी दोनदा बेरीज तपासली.

पेयांच्या पॅकेजबद्दल इथेच सांगते. अनेक कंपन्यांचा नियम असा असतो की एका केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यानेही घ्यायचं. आमच्यात फारसं कुणी पीत नाही. सुटं विकत घेणं आम्हाला कितीतरी स्वस्त पडलं.

मग केबिन. आमची निवड दोन महिन्यांत सगळ्यांत आनंदाची इथेच झाली.

‘१५ चौरस मीटर’ वाचून काही कळत नाही. एका रविवारी बाबांनी मोजपट्टी काढली आणि आम्ही दिवाणखान्याच्या फरशीवर दोऱ्याने केबिन आखली. रुंदी पावणेतीन मीटर, लांबी साडेपाचला थोडी कमी. दाराशी न्हाणीघराचा चौकोन, त्याच्यासमोर कपाट, मग पलंग, मग लहान सोफा. पलंगाच्या जागी चादर पसरली. आई काठी घेऊन दोऱ्याच्या दारातून आत आली, पलंगाला वळसा घातला आणि म्हणाली, “अगं, इथे वळता येत नाही.” खरंच येत नव्हतं. पलंग आणि टेबल यांच्यामध्ये एकच माणूस मावत होतं. तेव्हा लक्षात आलं की आई-बाबांसाठी केबिनची रुंदी महत्त्वाची आहे, आणि बाल्कनीच्या केबिनचं जे क्षेत्रफळ छापतात त्यात काही ठिकाणी बाल्कनीही धरलेली असते. प्रत्येक वेळी आतलं किती आणि बाहेरचं किती, असं वेगवेगळं विचारायला लागलो. शेवटी आराखड्यात जिथे बाहेरची भिंत थोडी फुगते तिथली, अर्धा मीटर जास्त रुंद असलेली केबिन सापडली. भाडं तेच, कारण वर्ग तोच.

डेकचा नकाशा वाचायला मी पहिल्या सहलीतल्या त्या खुर्च्यांमुळे शिकले. नकाशाचं एक पान बघून भागत नाही, तीन पानं एकावर एक धरावी लागतात. आपला डेक, त्याच्या वरचा आणि खालचा. मी ते कागदावर छापून खिडकीच्या काचेला लावले, म्हणजे उजेडात तिन्ही एकत्र दिसतात. वर पूल, जिम किंवा स्वयंपाकघर नको. खाली नाट्यगृह किंवा रात्री उशिरापर्यंत चालणारा बार नको. सगळ्यांत चांगलं म्हणजे वरही केबिन आणि खालीही केबिन, कारण शेजारी झोपलेले असले की आपणही झोपतो.

पुढच्या टोकाला, खालच्या डेकवर नांगराच्या साखळीचा खडखडाट आणि धक्क्याला लागताना बाजूने ढकलणाऱ्या पंख्यांची थरथर जाणवते, आणि जहाज तर बहुतेक वेळा सकाळीच धक्क्याला लागतं. मागच्या टोकाला इंजिनाचा कंप येऊ शकतो, पण तिथल्या बाल्कन्या काही जहाजांवर मोठ्या असतात आणि मागे लांबवर पसरलेली पाण्याची फेसाळ वाट दिसते. तरुण जोडप्याला मी तीच सुचवेन.

हेलकाव्यांचं गणित बागेतल्या सी-सॉसारखं आहे. टोकाला बसलेलं मूल सगळ्यांत जास्त वरखाली होतं आणि मधल्या खांबापाशी जवळजवळ काहीच हलत नाही. जहाजही पुढेमागे असंच झुलतं. शिवाय डावीउजवीकडे कलतं, आणि जितकं वर जाल तितका तो कल मोठा वाटतो. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते हा दुसरा हेलकावा बराच कमी करतात. पुढेमागे झुलण्यावर त्यांचा इलाज चालत नाही. म्हणून ज्याला गाडी लागते त्याने मधली आणि खालची केबिन घ्यावी. ही केबिन वरच्या डेकवरच्या त्याच प्रकारच्या केबिनपेक्षा बऱ्याचदा स्वस्तही असते. लोक उंचीचे पैसे देतात.

आमच्यासाठी आम्ही आतलीच केबिन घेतली. नवऱ्याने आणि मी दिवसभर बाहेरच असायचं ठरवलं होतं, आणि आई-बाबांची बाल्कनी आम्हाला मोकळी होतीच. दोन बाल्कन्या घेण्याऐवजी एक बाल्कनी आणि एक आतली घेतल्यावर जे पैसे वाचले त्यात आधीच्या रात्रीचं हॉटेल आणि नेपल्समधली एका दिवसाची गाडी निघाली. मधला पर्याय म्हणून खिडकीची केबिनही बघितली होती. ‘अंशतः अडलेलं दृश्य’ असं लिहिलेल्या खिडक्या स्वस्त असतात, कारण समोर लाइफबोट टांगलेली असते. कधी ती अख्खी खिडकी झाकते, तर कधी फक्त खालची कड अडवते आणि वर समुद्र मोकळा असतो. फोटो बघून असा नंबर सापडला तर ते खरं घबाड. आमच्या जहाजावरच्या अशा सगळ्या चांगल्या खिडक्या आधीच गेल्या होत्या.

आई-बाबांसाठी लिफ्टपासून किती अंतर असावं, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. जहाज तीनशे मीटर लांब असेल आणि केबिन टोकाला असेल, तर जेवायला जाणं म्हणजेच फेरी होते. पण लिफ्टच्या अगदी समोर रात्री बारापर्यंत गप्पा आणि हसणं चालू असतं. लिफ्टपासून पाच-सहा दारं आत, हे अंतर योग्य वाटलं. दोन केबिनमध्ये आतलं दार असतं, त्या नकाशावर बाणाच्या खुणेने दाखवतात. कुटुंबाला दोन्ही केबिन घ्यायच्या असतील तर ते दार सोन्याचं. पलीकडे अनोळखी माणसं असतील तर मात्र त्याच दारातून त्यांचा टीव्ही आणि खोकला ऐकू येतो. आम्ही ती खूण टाळली.

बुकिंगनंतर महिन्याभराने एजंटाचा फोन आला. आमच्या आतल्या केबिनऐवजी बाल्कनीची केबिन फुकट मिळत होती. नवऱ्याचा चेहरा उजळला. मी नंबर विचारला, लिहून घेतला आणि तिन्ही कागद पुन्हा काचेला लावले. सगळ्यांत पुढचं टोक, वरून दुसरा डेक, आणि बरोबर वर जिम. मी नको म्हटलं. एजंट बराच वेळ समजावत राहिला, फुकट आहे म्हणाला. पण बाल्कनी मिळाली आणि झोप गेली तर ते आमच्यासाठी खालचंच पाऊल होतं. बुकिंगमध्ये ‘वरचा वर्ग मिळाल्यास चालेल का’ असा रकाना असतो. नंबर विचारपूर्वक निवडला असेल तर तिथे नाही म्हणावं, नाहीतर न विचारताही हलवतात. शेवटचे पैसे भरायच्या तारखेआधी मी भाडं आठवड्यातून एकदा बघत होते. ते एकदा उतरलं, मी कळवलं आणि फरक कमी करून मिळाला. त्या तारखेनंतर असं सहसा होत नाही.

एक चूक तरीही झाली. आमच्या आतल्या केबिनशेजारी नकाशावर एक पांढरा, नाव नसलेला चौकोन होता. मी त्याकडे दुर्लक्ष केलं. ती साफसफाईवाल्यांची सामानाची खोली निघाली, आणि सकाळी सातला तिथून ढकलगाड्या निघायच्या. आम्ही त्या वेळेला उठतच होतो म्हणून निभावलं. पण आता कोऱ्या चौकोनांकडेही मी बघते.

आतल्या केबिनमध्ये अंधार इतका पक्का असतो की दुपार आहे की मध्यरात्र ते कळत नाही. त्यावर एक सोपा उपाय आम्हाला सापडला. जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं दृश्य टीव्हीच्या एका वाहिनीवर दिवसरात्र चालू असतं. आवाज बंद करून ते लावून झोपायचं. रात्रभर पडदा काळा राहतो, आणि उजाडायला लागलं की खोलीत आपोआप निळसर प्रकाश पसरतो.

व्हॅलेटाच्या दिवशी मी त्याच प्रकाशाने जागी झाले. पडद्यावर क्षितिजाशी एक बारीक रेघ दिसत होती. आई-बाबांची केबिन आम्ही उजव्या बाजूची घेतली होती. गोल फिरून त्याच बंदराला परत येणाऱ्या सहलीत बाजूने एरवी फारसा फरक पडत नाही, पण तिथल्या ग्रँड हार्बर या बंदरात शिरताना व्हॅलेटा शहर उजवीकडे येतं, त्या एका तासासाठी. मी शाल गुंडाळून त्यांचं दार वाजवलं. आईने उघडलं. बाबा अजून अंथरुणातच होते, उशीला टेकून, आणि काचेपलीकडे सेंट एल्मो किल्ल्याची मधाच्या रंगाची तटबंदी इतक्या जवळून सरकत होती की दगडांमधल्या फटी मोजता आल्या असत्या. कुणी काही बोललं नाही. आईने माझ्यासाठी खुर्ची पुढे केली, उचलून, आवाज न करता.